अर्ध्या तासाने, त्याच ठिकाणी

संस्थेच्या विश्वस्त मंडळावर मला घेतलं ते माझ्या गुणांसाठी नव्हे. त्या वर्षी मंडळाला एक बाई हवी होती. मी डोंबिवलीतल्या शाळेतून नुकतीच निवृत्त झाले होते, घरी फारसं काम उरलं नव्हतं आणि माझी ओळख चार लोकांत होती. एवढी पात्रता पुरली. पहिली दोन वर्षं माझं काम ठरलेलं होतं. पाहुण्यांना गुच्छ द्यायचा, सरस्वतीच्या फोटोचा हार सरळ आहे ना ते पाहायचं, आणि बैठकीत चहा आला की कोणीतरी म्हणायचं, "बाई, जरा बघता का?" मी बघायची आणि मनातल्या मनात चरफडायची. उभं आयुष्य वर्ग सांभाळलेल्या बाईला कपबश्या सांभाळायला लावणारी माणसं शिक्षणसंस्था चालवतात, याचं मला नवल वाटे आणि रागही येई.

संस्था कल्याणला, खाडीच्या अंगाला. आधी नुसती शाळा होती, पुढे तिच्यावर मजला चढवून कॉलेज झालं. कॉलेजचे कॉमर्सचे वर्ग सकाळी भरायचे, अगदी उजाडताना, कारण नंतर तेच बाक शाळेच्या पोरांना लागायचे. मोहन्याच्या कारखान्यात दुपारपाळी करणारे, बाजारपेठेत दुकानावर बसणारे, आंबिवलीकडून सायकल मारत येणारे, आसपासच्या गावांतल्या मुली, असे सगळे त्या वर्गांत असत. मोठी माणसं लहान बाकांत बसायची, त्यांचे गुडघे वर फळीला लागायचे. सत्र अनुदानित होतं, त्यामुळे फी अशी की कोणाला घरी भांडून मागावी लागत नसे. नऊ-साडेनऊला वर्ग सुटला की सगळे आपापल्या कामाला पळायचे.

त्या इमारतीची एक गोष्ट होती, ती मला मंडळावर येईपर्यंत कोणी सांगितली नव्हती. साठच्या दशकात शाळा बांधली तेव्हा संस्थेकडे काहीच नव्हतं. पहिले मुख्याध्यापक गावोगाव फिरले. वीटभट्टीवाल्यांनी विटा दिल्या, खाडीकाठच्या कोळ्यांनी होड्यांमधून रेती आणून टाकली, बायकांनी ती डोक्यावरून वाहिली. मुख्याध्यापकांनी नियमच करून टाकला की ज्याचा हात या इमारतीला लागला तो संस्थेचा आजीव सभासद. बाई असो, बुवा असो, सही येत असो की अंगठा. ते मुख्याध्यापक पुढे वारले. सभासदांना मात्र दरवर्षी नेमाने वार्षिक सभेची नोटीस जात राहिली, कारण ती पाठवणं कायद्याने भाग होतं. कोणी येत नसे. आपल्याला बोलावलं हेच पुष्कळ, असं समजून लोक ती नोटीस देवाच्या फळीवर ठेवून देत असावेत.

नव्वदच्या आसपास आमच्या अध्यक्षांनी मंडळापुढे एक प्रस्ताव ठेवला. सकाळचं सत्र पुढच्या जूनपासून बंद करायचं आणि वरचा मजला एका नव्या विनाअनुदानित अभ्यासक्रमाला द्यायचा. त्या दिवसांत अशा अभ्यासक्रमांचं पेव फुटलं होतं. देणगी घ्यायची, फी मोठी ठेवायची आणि फळ्यावर इंग्रजीत नाव लिहायचं.

अध्यक्ष वाईट माणूस नव्हते, हे आधीच सांगते, नाहीतर ऐकणाऱ्याला वाटेल की मी खलनायक उभा करतेय. ते सी.ए. होते. संस्थेचे हिशेब वर्षानुवर्षं फुकट पाहत होते. अनुदान उशिरा आलं की प्राध्यापकांच्या पगारासाठी मंत्रालयाच्या पायऱ्या तेच झिजवायचे. त्यांचं म्हणणं सरळ होतं: छप्पर गळतंय, ग्रंथालयात कपाटं आहेत पण पुस्तकं नाहीत, आणि नुसत्या चांगुलपणावर इमारत उभी राहत नाही.

"आणि सकाळच्या वर्गाचा उपयोग काय?" ते म्हणाले. "निम्मी मुलं झोपलेली असतात."

"मग निम्मी जागी असतात," मी म्हटलं.

"बाई, तुमची भावना समजते मला."

माझी भावना समजते असं कोणी म्हणालं की माझं डोकं फिरतं. मंडळातले बाकीचे सगळे पंख्याकडे पाहत होते. प्रस्ताव मंजूर झाला. आता तो फक्त वार्षिक सभेपुढे जायचा होता, आणि तिथे तर मंडळातलीच माणसं येऊन हात वर करत. दिवाळीनंतर सभा होती.

बैठक संपली की मी बाजारातून मासे घेऊन घरी जायची. वाद झाला त्या दिवशी अध्यक्ष मला स्वतःच्या गाडीतून स्टेशनपर्यंत सोडायचं सौजन्य दाखवत नसत. माझी कोळीण ठरलेली होती. वयाने ती माझ्याहून लहान, पण कोळणीला मावशी म्हणायचं ही आमच्याकडची रीतच. तिच्या शेजारी तिची मुलगी बसलेली असायची, हाताने पापलेटं लावायची आणि मांडीवर पुस्तक. मुलगी आमच्याच सकाळच्या वर्गात दुसऱ्या वर्षाला होती. तिच्या घराण्यात दहावीच्या पुढे गेलेली ही पहिलीच.

त्या दिवशी मी मावशीला सांगितलं की जूनपासून सकाळचे वर्ग बंद होतायत. मुलीचा हात थांबला.

"मंग हिचं तिसरं वरीस?" मावशी म्हणाली.

"दुसऱ्या कॉलेजात. पण ते दुपारचं असेल."

"दुपारी बाजार हाय, बाय. दुपारी ही कालेजला धारली तं इथं बसाचं कोन? हिचा बाप हाय कं बसाला?" तिने सुरा फळीवर ठेवला. "दोन वर्सं झाली. येकच राह्यलंय."

मुलीने पुस्तक मिटलं आणि पिशवीत घातलं. मला त्या मिटलेल्या पुस्तकाचा फार राग आला, म्हणजे तिचा नाही, आमचा. तेव्हाच मला आठवलं की कोणीतरी रेतीबद्दल काही सांगितलं होतं. मी विचारलं, "मावशी, तुमच्या घरी शाळेची नोटीस येते का हो?"

"कागुद येतं दर वर्साला. मना वाटलं पैसे मांगाला धारतात, म्हून मी नाय बगत."

"तुम्ही रेती वाहिलीत का?"

"मंग? नवी नवरी व्हती मी. मान मोरून गेली आमची."

ती आजीव सभासद होती. तिची नणंद होती, गावातल्या पाच-पंचवीस बायका होत्या, पलीकडच्या गावातले वीटभट्टीवाले होते. मग पुढचे काही रविवार मी गावं फिरले. माझ्या घरच्यांना वाटलं, हिला निवृत्तीत निवडणुकीला उभं राहायचं खूळ शिरलंय. लोकांना मी एवढंच सांगत होते की तुम्ही बांधलेल्या शाळेबद्दल तुम्हाला विचारणार आहेत, तेव्हा या. कोणी हो म्हणालं, कोणी नुसतं पाणी दिलं. येतील की नाही याची मला मुळीच खात्री नव्हती.

आता नोटिशीबद्दल सांगायला हवं. आपल्याकडे शाळा असो, वाचनालय असो की पतपेढी, सभेच्या नोटिशीच्या तळाशी एक वाक्य असतंच असतं: गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाल्यास ती अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी घेण्यात येईल व त्या सभेस गणपूर्तीची आवश्यकता राहणार नाही. म्हणजे ठरल्या वेळी पुरेशी माणसं आली नाहीत तर अर्धा तास थांबायचं, आणि मग जे असतील तेवढ्यांत काम उरकायचं. सोय म्हणून घातलेल्या या वाक्याचा आम्ही नियमच केला होता. दहाची सभा म्हणजे साडेदहाला पोचायचं, हे शाळेच्या शिपायालाही पाठ होतं. बटाटेवड्यांची ऑर्डरसुद्धा साडेदहाची असायची. दहा वाजता फक्त आमचे पगारी कार्यवाह हजर असत, ते सुद्धा सभा तहकूब झाल्याचं लिहायला. पुढे त्यांनीच मला हसत सांगितलं की ते वाक्य ते आदल्या दिवशी घरी बसूनच लिहून आणत.

सभेच्या दिवशी मी पावणेदहाला पोचले. दोन वर्गांमधला लाकडी पडदा काढून शाळेत सभागृह करत, तिथे मी दार ढकललं आणि थबकले. सगळे बाक भरलेले होते. पुढे बायका, अंबाड्यात फुलं, लुगडी कडक. मागे पुरुष, मांडीवर हात ठेवून. शिपाई म्हणाला की नऊपासून येतायत. बँकेत, कचेरीत, दवाखान्यात जाताना ही माणसं कायम वेळेआधी जात, कारण उशीर झाला तर हाकलतात हा त्यांचा जन्माचा अनुभव. सभेलाही ती तशीच आली होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते लपवायला मी उगाच शिपायाला पंखे लावायला सांगितले.

कार्यवाह दारात उभे राहून घाम पुसत होते. "बाई, हे सगळे कोण?"

"सभासद."

"सगळे?"

"तुम्हीच नोटीस पाठवता त्यांना."

घड्याळात दहा वाजले. कार्यवाह पुढे येऊन म्हणाले, "मंडळी, अजून अर्धा तास आहे. चहा सांगतो. साडेदहाला सुरू करू."

पहिल्या बाकावरून मावशी उठली. "कागदावर धा लिवलंय ना? मंग थांबाचं कशाला? मना बाजारान बसाचं हाय."

खरं सांगते, तोवर माझ्या डोक्यात असं काही नव्हतं. मी मतं जमवायला निघाले होते, अध्यक्षांशी समोरासमोर भांडायची तयारी करून आले होते, घरी आरशासमोर दोन मुद्देही म्हणून पाहिले होते. मावशीचं ऐकलं आणि मी कार्यवाहांना विचारलं, "गणपूर्ती झालीय का?"

"झाली म्हणजे... बरीच झालीय."

"मग तहकूब कशी करणार?"

"पण अध्यक्ष यायचेत."

"अध्यक्ष नसतील तर संस्थेची घटना काय सांगते?"

त्यांना घटना पाठ होती. ते हळूच म्हणाले, "हजर विश्वस्तांपैकी एकाने अध्यक्षस्थान घ्यावं." मग त्यांनी सभागृहभर पाहिलं. हजर विश्वस्त एकच होती, आणि ती त्यांच्यासमोर पर्स धरून उभी होती.

मी खुर्चीत बसले. टेबलाच्या त्या बाजूला मी गुच्छ देण्यापलीकडे कधी गेले नव्हते. खुर्ची मला मोठी होत होती, पाय धड जमिनीला टेकत नव्हते, पण ते टेबलामुळे कोणाला दिसत नव्हतं. मागचं इतिवृत्त वाचून झालं. हिशेब वाचले तेव्हा एका भट्टीवाल्याने किरकोळ खर्च म्हणजे काय ते विचारलं. कार्यवाह म्हणाले, सभेचे वडे वगैरे. "मंग असूद्या," तो म्हणाला.

मग सकाळच्या सत्राचा विषय आला. मी प्रस्ताव वाचला, अध्यक्षांची सगळी कारणं प्रामाणिकपणे सांगितली, छप्पर आणि पुस्तकंसुद्धा, कारण खुर्चीत बसल्यावर लबाडी करायची नाही एवढं मला कळत होतं. कोणाला बोलायचंय का, विचारलं. पुरुष मावशीकडे बघू लागले.

ती उभी राहिली, पदर खोचला. "ही शाला बांधली तवा आमाला कुनी इचारलं नाय कं तुमची पोरं इथं शिकनार कं नाय. रेती आना बोल्ले, आमी आनली. तवा पोरं नवती आमाला. आता पोरी शिकाला लागल्या तं दार लावताव? दुपारी उघरं ठेवाल, त्याचा आमाला काय उपेग? मी 'नाय' बोलतंय." आणि ती बसली.

विरोधात हात वर करा म्हटलं तर सगळे हात वर. खुर्चीत अध्यक्ष असते तर त्यांच्यासमोर यांतले किती वर आले असते, कोण जाणे. कार्यवाहांनी मोजले, मग पुन्हा मोजले, जणू दुसऱ्यांदा मोजल्यावर काही कमी होतील. प्रस्ताव फेटाळला गेला. आभार मानले आणि सभा संपली. मावशी लगेच निघाली, कारण तिची टोपली नणंदेच्या सुनेपाशी होती आणि सुनेला भाव सांगता येत नाही असं तिचं मत होतं.

दारातून ती बाहेर पडली आणि फाटकातून अध्यक्षांची गाडी आत आली. त्यांच्यामागून रिक्षातून वडे. मंडळातले बाकीचे आधीच फाटकाशी जमले होते, ते सगळे मिळून हसत बोलत आत आले. भरलेलं सभागृह पाहून अध्यक्ष खूश झाले. "अरे वा, उपस्थिती चांगली आहे. सुरू करायचं?"

मीच सांगितलं. "झाली."

"काय झाली?"

"सभा. सकाळचं सत्र राहणार."

त्यांनी घड्याळ पाहिलं. "साडेदहा तर वाजतायत."

"हो. सभा दहाची होती."

चेहरा लाल झाला त्यांचा. "हा कावा आहे, बाई."

"कावा कसला? घड्याळ आहे ते."

वडे मंडळापुरतेच मागवलेले होते. ते सगळ्यांना पुरावेत म्हणून शिपायाने अर्धे अर्धे केले. अध्यक्षांनी खाल्ला नाही. मी खाल्ला.

घरी येताना मात्र माझा आनंद ओसरला. अध्यक्षांना विशेष सभा बोलावून सगळं फिरवता आलं असतं, आणि या वेळी ते नक्की वेळेवर आले असते. गावच्या माणसांना मी पुन्हापुन्हा रविवार मोडून आणू शकत नव्हते. बाजारात ती मुलगी माझ्याकडे बघून आता हसायला लागली होती, आणि मला तिच्या हसण्याची धास्ती वाटायची. म्हणून मी अधूनमधून सकाळी कॉलेजात जाऊन बसू लागले. वर्ग नीट चाललेत ना ते बघायला, कोणाला बोट दाखवायला जागा राहू नये म्हणून.

थंडीच्या दिवसांत एका सकाळी मी वरच्या मजल्यावर गेले, तर दुसऱ्या वर्षाच्या वर्गात शेवटच्या बाकावर अध्यक्ष. गळ्यात मफलर, गुडघे फळीला लागलेले. फळा कोरा होता. मुलं आपसात हळू बोलत होती आणि मावशीची मुलगी बाकावर डोकं ठेवून गाढ झोपलेली.

त्यांनी मला पाहिलं आणि बोटाने दाखवलं. "पाहिलंत? मी काय म्हणत होतो?"

माझा पारा चढला. "उजाडायच्या आधी आईबरोबर मासळी उचलून आलीय ती. आणि जागी राहून करू काय? शिकवायला कोण आहे?"

"अकाउंट्सचे सर कुठायत?"

"त्यांना ठाण्यात कंपनीत नोकरी लागली. दिवाळीपासून नाहीत. सत्र बंदच व्हायचंय म्हणून नवीन नेमणूक तुम्ही थांबवलीत. सही आहे तुमची."

मुलं आम्हा दोन म्हाताऱ्यांकडे टकामका बघत होती. मग अध्यक्ष बाकातून मोठ्या कष्टाने बाहेर निघाले, मफलर काढून माझ्या हातात दिला आणि फळ्याशी गेले. "भागीदारी संस्थेचं विसर्जन," ते म्हणाले. "कुठपर्यंत झालंय?"

"सुरूच नाय झालं, सर," एक मुलगा म्हणाला.

खडूच्या आवाजाने मुलगी जागी झाली. तिने डोळे चोळले, वही काढली. अध्यक्ष शिकवायला लागले. आणि काय शिकवत होते. मी मंडळात त्यांच्याशी इतका वाद घातला, पण हा माणूस असा शिकवू शकतो हे मला ठाऊक नव्हतं. आवाज चढवायचे, चुकलेल्यावर खेकसायचे, आणि एखाद्याचा ताळेबंद जुळला की स्वतःचाच जुळल्यासारखे खूश व्हायचे. शाळेची घंटा झाली, लहान पोरं दारात गर्दी करून उभी राहिली, तरी त्यांचं संपेना.

जाताना मफलर घेत ते म्हणाले, "नेमणूक होईपर्यंत येईन मी. बाकी माझं मत बदललेलं नाही."

"नका बदलू," मी म्हटलं.

नेमणूक झाली. पण शनिवारचा तास त्यांनी सोडला नाही. विशेष सभेचं नाव पुन्हा कोणी काढलं नाही. त्यांचं एक मात्र खरं होतं, आणि ते मला ऐकवायची एकही संधी ते सोडत नसत: हात वर करून छप्पर गळायचं थांबत नाही. पुढच्या पावसाळ्यात ग्रंथालयात बादल्या ठेवाव्या लागल्या. मग मी डोंबिवलीतल्या माझ्या जुन्या विद्यार्थ्यांची दारं वाजवली, त्यांनी त्यांच्या ओळखीचे मंत्रालयातले दरवाजे ठोठावले, आणि भट्टीवाले कौलं घेऊन आले. तेव्हाही आमचं भांडण चालूच होतं, पण आता आम्ही एकाच रिक्षातून भांडत जात होतो.

मुलगी तिसऱ्या वर्षाला सकाळीच बसली. परीक्षा दिली. निकाल लागला तेव्हा मी आजारी होते, मला दोन दिवसांनी कळलं की ती पास झाली, आणि अकाउंट्समध्ये वर्गात पहिली आली. मला इतका आनंद झाला की मी ताप असताना उठून शेवया केल्या, त्या कोणाला आवडल्या नाहीत.

पुढच्या बैठकीला अध्यक्ष मला जिन्यातच भेटले. म्हणाले, "तुमची मावशी घरी आली होती."

"काय म्हणाली?"

"आत यायला तयार नाही. दारातच उभी. मला वाटलं, आभार मानेल. म्हणाली, 'साहेब, त्या दिशी तुमी टायमावर आलं असतं ना, तं माजी पोर आज बाजारान बसली असती.'"

मला हसू आवरेना. "मग तुम्ही काय म्हणालात?"

ते पायरीवर थांबले. "काय म्हणणार? म्हटलं, खरंय बाई. बरं झालं, उशीर झाला."